पाच हर्ट्झ

सकाळी साडेसहाला अल ऐनच्या शेडमध्ये
कंपनाचं टेबल अजून गार असतं.
मी चिमूटभर मेण बोटांत मळतो
आणि हरभऱ्याएवढा सेन्सर
ब्रॅकेटच्या मानेवर बसवतो.
सजीवन बोल्ट आवळतो. पाना टक् म्हणाला की थांबतो,
प्रत्येक बोल्टावर लाल रेघ ओढतो,
कुणी फिरलं तर कळावं म्हणून.

ॲल्युमिनियमचा तळहाताएवढा तुकडा.
उपग्रहाची बॅटरी धरून बसायचं, एवढंच काम.
खरा हिसका आयुष्यात एकदाच,
वर जाताना, आठ-नऊ मिनिटं.
पुढं मग जिथं आवाजाला हवासुद्धा नाही.
त्या मिनिटांची रंगीत तालीम
मी घेतो.

आधी हळूच विचारायचं,
दाराशी आलेल्या पाहुण्याला
पाणी देता देता विचारावं तसं.
पाच हर्ट्झ, पन्नास, शंभर…
प्रत्येक वस्तूचा एक आकडा असतो.
तो पुकारला की तिच्या अंगात येतं,
इतका वेळ गप्प बसलेली ती घुमायला लागते.
ह्याचा आकडा दोनशे बारा.
वहीत लिहिला.

मग खरी झोडपणी. कानांवर टोप्या.
जमीन पोटरीतून वर चढते,
आणि मी इचलकरंजीत असतो:
भिंतीपलीकडं आमचेच आठ माग,
खटाक् खटाक्, दिवसरात्र,
आणि फळीवरची मिठाची बरणी
रोज बोटभर कडेकडं सरकणारी.
निजायच्या आधी अक्का ती मागं ढकलायची.
एवढं एक काम ती कधी विसरली नाही.
सुट्टीला माग थांबले
की आम्हाला झोप लागायची नाही.

झोडपून झाल्यावर पुन्हा तोच हळू प्रश्न.
दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवायचे,
तंतोतंत बसायला हवेत.
बसले नाहीत.
दोनशे सात.

"पाच टक्क्यांच्या आत आहे," शम्मा म्हणाली.
तिचं बरोबर होतं. करारात तसंच होतं,
आणि माल गुरुवारी जायचा होता.
लाल रेघा जागच्या जागी.
भिंगाखाली काही नाही.
मी ब्रॅकेट सोडवला, दोऱ्याला टांगला,
आणि बाजारात मडकं घेताना मारतात तशी
नखानं टिचकी मारली.
बद्द.
"हे करारात नाही," ती म्हणाली.
हसली नाही मात्र. थोड्या वेळानं स्वतःच
रंगाची बाटली घेऊन आली.

निळ्या दिव्याखाली, बोल्टाच्या भोकापाशी,
एक हिरवा केस उगवला.
सजीवननं लाल चिठ्ठी बांधली.
कुणी काही बोललं नाही. एसी तेवढा घरघरत होता.

शुक्रवारी भूपालदादाचा फोन असतो.
"काय करतोस रं तिथं नेमकं?"
"वस्तू हलवून बघतो, तुटतात का."
"त्यासाठी विमानानं जायला लागतंय व्हय?
हितं ये की. फुकटात हलवतो."
हसला. मीही हसलो.
मग ऊस, पोरीची बारावी, नवा रस्ता,
आणि बोलता बोलता मला जाणवलं,
त्याचा आवाज फार स्वच्छ येतोय.
इतकी वर्षं तो ओरडून बोलायचा,
मागं आठ माग असायचे.

"माग बंद हायत काय, दादा?"
"लाइट गेलीया."

गेले तीन शुक्रवार लाइट गेलेली आहे.
फोनमध्ये मागं टीव्हीवर
कुणीतरी बातम्या वाचत होतं.
मी म्हणालो, "बरं."
तो म्हणाला, "बरं."

बाहेर सत्तेचाळीस अंश. खजुरांवर वारा नाही.
फळीवर बरणी असेल,
जिथं ठेवली तिथंच.